झूम एचवन-एन: यंत्रमागाच्या खडखडाटात वापरलेला रेकॉर्डर

आवाज आणि व्हिडिओ घेऊन काहीतरी वेगळं करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा अडवते ती यंत्राची निवड. कॉलेजातल्या ज्युनिअर मुली मला सारख्या विचारतात, ‘ताई, फोनवर भागेल का, की रेकॉर्डर घ्यायलाच लागेल?’ माझं उत्तर आता पक्कं झालंय. रेकॉर्डर घ्या, आणि पहिलाच घेत असाल तर झूम या रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीचा एचवन-एन घ्या. मात्र तो कुठल्या कामाला खरा उतरतो आणि कुठे त्याची मर्यादा लागते, हे आधी नीट समजून घ्या. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मूळची इचलकरंजीची. सध्या पुण्यात दृश्यकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेसाठी जे काम केलं ते आमच्या आप्पांच्या साध्या मागांवर. आमच्या गावात पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, नारायणराव घोरपडे सरकारांच्या काळात. आता धोट्याचे, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे मारल्या जाणाऱ्या शटलचे, साधे माग एकेक करून भंगारात निघालेत. त्यांच्या जागी बिनधोट्याचे नवे माग, रेपियर येतात, एअरजेट येतात, आणि त्यांचा आवाज अगदीच निराळा असतो. साध्या मागाचा जो ‘खडाक्-खट्’ ऐकत आमच्या गल्लीतली पोरं झोपतात, तो मला नुसता जपून ठेवायचा नव्हता, त्याचं काम करायचं होतं. समोर पडद्यावर माग, दोन बाजूंना स्पीकर, आणि पडदा म्हणून त्याच मागावर विणलेलं कोरं कापड.

फोनपासून सुरुवात करते, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. फोनचा माइक वाईट नसतो, पण त्याच्या मागे बसलेलं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेलं असतं. मोठा आवाज आला की ते पातळी दाबतं, आवाज थांबला की वर खेचतं. एकसारखा घरघरणारा आवाज त्याला कचरा वाटतो आणि ते तो पुसायला बघतं. माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून हे ठीकच आहे. पण कारखान्यात उभं राहून रेकॉर्ड केलं की धोट्याचा मार आणि दोन मारांमधली मोटरची गुरगुर एकाच उंचीला येते. मागाची लय जाते ती इथेच. ज्याला सॉफ्टवेअर कचरा समजतं तोच ज्याचा विषय आहे, त्याने फोनच्या भरवशावर राहू नये.

एचवन-एनमध्ये हे सगळं आपल्या हातात असतं. २०१८ साली आलेला हा मुठीत मावणारा रेकॉर्डर. डोक्यावर जाळीच्या आत दोन माइक, एकमेकांशी ९० अंशांत. पुढच्या बाजूला पातळीचं गोल बटण, त्यावर ० ते १० आकडे. मधोमध रेकॉर्डचं मोठं बटण. ट्रिपल-ए चे दोन सेल लागतात आणि कंपनी दहा तास चालतील म्हणते. मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबीपर्यंत चालतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाजाची नोंद) एका तासाला साधारण एक जीबी जागा जाते, म्हणजे एका कार्डात गावचा आठवडा बसतो. मी घेतला तेव्हा नव्याची किंमत दहा हजारांच्या आसपास होती. विद्यार्थ्याला ही रक्कम लहान नाही, हे मला माहीत आहे. मी तो दिवाळीत आप्पांनी दिलेल्या पैशांत एका सीनिअरकडून जुना घेतला.

मला सगळ्यांत जास्त आवडतं ते पातळीचं गोल बटण. पडद्यावरचा मेनू उघडा, खाली जा, निवडा, असलं काही नाही. अंगठ्याने फिरवायचं. ‘ऑटो लेव्हल’ चं बटणही समोरच आहे आणि ते बंद ठेवायचं. कारखान्यात आवाज इतका असतो की गोल बटण दोनच्या आसपास ठेवलं तरी भागतं. मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा, त्यापुढे आवाज फाटतो; उंचातले मार उणे १२ डेसिबलच्या खालीच राहतील असं बघते. धोट्याचा मार क्षणभराचा असतो, मीटरचा काटा त्याच्या मागे राहतो, म्हणून वर जागा सोडायची. २४ बिटमध्ये कमी पातळीवर घेतलेला आवाज नंतर चढवला तरी फारसं बिघडत नाही. माइक १२० डेसिबलपर्यंतचा आवाज झेलतात. मागांचा कारखाना त्याच्या खाली असतो, म्हणून आवाज फाटत नाही. लग्नातल्या डीजेच्या भिंतीपुढे किंवा गणपतीच्या ढोलाला अगदी चिकटून मात्र जपून.

इथे एक गोष्ट थांबून सांगते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणं कानांना घातक धरलं जातं, आणि मागांच्या कारखान्यातला आवाज त्याच्या बराच वर असतो. आपण तासभर जाऊन येतो. तिथली माणसं पाळीच्या पाळ्या उभी असतात, बहुतेकांच्या कानात काहीही नसतं. तुम्ही अशा ठिकाणी रेकॉर्डिंगला जाणार असाल तर स्वतःसाठी इअरप्लग न्याच, आणि चार जास्तीचे न्या. काम करणाऱ्याला दिलेत तर तो तुमच्याकडे ‘फोटो काढायला आलेली’ म्हणून बघायचा थांबतो, हेही अनुभवाने सांगते. हेडफोन बंद कपाचेच हवेत. उघड्या कपातून बाहेरचा खडखडाट आत येतो आणि रेकॉर्ड काय होतंय ते कळतच नाही.

आता दोन माइकांची गंमत. रेकॉर्डर दोन मागांच्या मधल्या बोळात स्टँडवर उभा केला, डावा माइक एका मागाकडे, उजवा दुसऱ्याकडे. साध्या मागाचा धोटा सेकंदाला दोन-अडीच वेळा आडवा जातो. पण कुठल्याही दोन मागांची गती तंतोतंत सारखी नसते. एकाचा पट्टा जरा सैल, दुसऱ्यावर सूत जाड. त्यामुळे दोघांचे मार आधी एकत्र पडतात, मग हळूहळू सुटे होतात, एकमेकांच्या मधोमध येतात, आणि पुन्हा जुळतात. हेडफोनवर हे डाव्या कानातून उजव्या कानात सरकत जाताना ऐकू येतं. मी कॉम्प्युटरवर बसून लूप कापायच्या तयारीने गेले होते. तिथे उभी राहिले आणि कळलं की रचना आधीच चालू आहे, मला फक्त कुठे उभं राहायचं ते ठरवायचंय. शेवटच्या कामातला सगळ्यांत लांब तुकडा हाच आहे, एकही काप न घालता. दोन्ही माइक जवळजवळ एकाच बिंदूवर असल्याने आवाज एका स्पीकरवर आणला तरी पोकळ होत नाही. कॉलेजच्या प्रदर्शनात ऐनवेळी एकच स्पीकर हाती येतो, तेव्हा याचं मोल कळतं.

रेकॉर्डरमध्ये ४८ च्या दुप्पट, ९६ किलोहर्ट्झचाही पर्याय आहे, आणि तो नुसता दाखवण्यापुरता नाही. आवाज संथ करायचा असेल तर तो लागतोच. ९६ वर घेतलेला आवाज चौपट संथ केला तरी बारा हजार हर्ट्झपर्यंतचा तपशील हाताशी राहू शकतो. मी एका मागाचा एकच मार असा ताणला. नुसता ‘खट्’ वाटणारा आवाज उलगडून तीन-चार घटना निघाल्या: पट्ट्याची ओढ, धोट्यावरचा घाव, धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळणं, आणि त्याच्या मागोमाग फणीने धागा ठोकणं. हे मी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, ते फुकट आहे. ज्यांना आवाज जागच्या जागी बदलत वाजवायचाय त्यांनी मिलर पकेट यांचं प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर शिकावं, तेही फुकट. सुरुवातीला डोकं दुखतं, पण चिकाटीने बसलं की हाताला येतं.

बाहेरच्या माइकसाठी एकच ३.५ मिलिमीटरचं भोक आहे. स्टुडिओच्या मोठ्या माइकना लागणारं एक्सएलआर सॉकेट नाही, त्यांना वीज पुरवणारी फँटम पॉवर नाही. मिळते ती छोट्या माइकना पुरणारी २.५ व्होल्टची प्लग-इन पॉवर. प्रयोग करणाऱ्यांना मात्र हे एवढंसं भोक बरंच काही देऊन जातं. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बझरची पिझो डिस्क मिळते, २७ मिलिमीटरची, पितळी चकती आणि मध्ये पांढरा गोल. किंमत चहाएवढी. तिला वायर डाखली की काँटॅक्ट माइक तयार. हवेतला आवाज ती जवळपास ऐकतच नाही, ज्याला चिकटवाल त्या वस्तूच्या आतली थरथर ऐकते. डाख पांढऱ्या भागावर झटकन लावायचा. सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली तर वरचा थर सुटून येतो. वायर शिल्डवाली घ्या, नाहीतर मागाची मोटर नि ट्यूबलाइट मिळून ५० हर्ट्झची भुणभुण भरतात.

पण ही डिस्क थेट रेकॉर्डरला लावून ‘आवाज पातळ येतोय’ म्हणून पिझोलाच नावं ठेवणारे खूप भेटतात. दोष डिस्कचाही नाही आणि रेकॉर्डरचाही नाही. डिस्क विजेच्या भाषेत एक कपॅसिटर आहे, साधारण २० नॅनोफॅरडचा. छोट्या रेकॉर्डरच्या माइक इनपुटचा रोध दोन-चार किलोओहम असतो. या दोघांची जोडी लागली की दोन ते चार हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे मागाचा जो धीरगंभीर भाग आहे तोच गायब. मध्ये एक एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि एक मेगाओहमचा रोध असलेला छोटा प्रीअँप, म्हणजे माइकचा सिग्नल आधी सांभाळून घेणारं सर्किट, टाकला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, की ती सीमा आठ-दहा हर्ट्झपर्यंत खाली जाते. सगळं सामान मिळून शंभर-दीडशेच्या आत बसतं. माग जोरात थरथरत असतो आणि डिस्क चांगलाच मोठा सिग्नल देते, त्यामुळे प्रीअँपच्या पुढे तो कमी करायला एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा रोध, बसवा.

अशी डिस्क मी मागाच्या लोखंडी सांगाड्याला क्लँपने आवळली. चिकटपट्टी तेलकट लोखंडावर टिकत नाही. रेकॉर्डरमधून आलं ते ऐकून मी बराच वेळ तिथेच बसले. बाहेर कान फाटेल असा गलका, आणि हेडफोनमध्ये खोल, सावकाश, जमिनीतून येणारे ठोके. माग दुरुस्त करणारे आमचे जॉबरकाका डोकावले. त्यांच्या कानाला हेडफोन लावला. मान तिरकी करून ऐकलं त्यांनी आणि म्हणाले, ‘तीन नंबरचा माग न्हवं ह्यो? पिकर झिजलाय बघ ह्याचा. डाव्या अंगाचा.’ पाना आणला, माग थांबवला, पिकर, म्हणजे धोट्याला मार देणारा तुकडा, काढून माझ्या हातात ठेवला. धोट्याचं टोक जिथे बसतं तिथे अंगठा जाईल एवढा खड्डा. तो पिकर मी कामासोबत मांडला, आणि बदलण्याआधीचा नि नंतरचा आवाज दोन स्पीकरवर शेजारी शेजारी. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या मॅडमनी सगळ्यांत जास्त वेळ तिथेच दिला.

आता जिथे हा रेकॉर्डर कमी पडतो ते. शांत आवाज. लाइट गेली की सगळे माग एकदम थांबतात आणि कारखान्यात जे उरतं ते मला फार हवं होतं: तापलेलं लोखंड निवताना होणारी बारीक टिकटिक, तेलाचा थेंब, पत्र्यावर चिमणी. या किमतीच्या कुठल्याही रेकॉर्डरमध्ये प्रीअँपचा स्वतःचा सूं आवाज असतो, आणि पातळी आठ-नऊवर नेली की तो असल्या आवाजांच्या बरोबरीला येतो. उपाय दोन. एक म्हणजे फार जवळ जाणं, अगदी वीतभर. दुसरा म्हणजे बाहेरचा कमी कुरकुरीचा माइक. प्रिमो कंपनीच्या ईएम२७२ कॅप्सुलचा स्वतःचा आवाज १४ डेसिबल आहे आणि तो प्लग-इन पॉवरवर चालतो. निसर्गातले आवाज टिपणारे लोक तोच वापरतात. पण मग खर्च वाढतो. तुमचा सगळा विषयच जंगल, रात्र, कुजबुज असा असेल तर हा रेकॉर्डर तुमच्यासाठी नाही, सरळ सांगते.

दुसरं, हाताचा आवाज. हलक्या प्लास्टिकच्या रेकॉर्डरमध्ये बोटांची हालचाल खडखडते. हातात धरून फिरायचं नाही, पाठीला स्टँडचा स्क्रू आहे तो वापरायचा. स्टँडच्या पायांखाली जाड स्पंज ठेवा. कारखान्यात फरशीच थरथरत असते. वाऱ्याची टोपी खोक्यात येत नाही, वेगळी घ्यावी लागते. स्पंजची टोपी घरात ठीक, पंचगंगेच्या घाटावर आषाढातल्या वाऱ्यात मात्र केसाळच हवी. कारखान्यात तिचा आणखी एक उपयोग: हवेतले कापसाचे बारीक तंतू माइकच्या जाळीवर बसत नाहीत.

व्हिडिओसोबत वापरताना दोन गोष्टी. आवाज रेकॉर्डरवर आणि चित्र फोनवर, तर सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा. दोन्ही यंत्रांची घड्याळं सुटी असतात, आणि बऱ्याच फोनचा फ्रेमरेटही मध्येच कमीजास्त होतो. बोलण्यात थोडं मागेपुढे झालेलं खपून जातं, धोट्याच्या मारात एक फ्रेमही लगेच कळते. फ्रेमरेट पक्का ठेवणारं ॲप वापरा. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे चित्रावर धावतात. जोडणी मी डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीत केली, तिथे आवाजाचं कामही चांगलं होतं.

यंत्र महाग आहे म्हणून थांबलेल्या मुलांना मी एक इतिहास सांगत असते. १९४८ साली फ्रेंच संगीतकार पियर शेफर पॅरिसमध्ये रेल्वेच्या इंजिनांचे आवाज टिपून त्यांची रचना करत होता, तेव्हा त्याच्या हाताशी टेप नव्हती, तबकड्या कोरायचं रेडिओचं यंत्र होतं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभा केला आणि १९७२ पर्यंत आपल्याकडच्या लोकांनी त्यावर इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. त्याच सुमारास मुंबईत चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं, आणि जे.जे. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानींनी तिथे कॅमेरा आणि फिल्म हातात घेतली. या सगळ्यांना स्टुडिओ, रेडिओ, नाहीतर फेलोशिप लागली. इचलकरंजीतल्या मुलीला आज एका मुठीतल्या यंत्रावर सुरुवात करता येते, हा फरक फार मोठा आहे. कॉलेजच्या उपकरणं देणाऱ्या विभागाकडून रेकॉर्डर एका दिवसासाठी, दोन सह्या घेऊन मिळतो. अशा वेळेत माग ऐकता येत नाही. स्वतःचा असला की दुपारी, पहाटे, लाइट गेल्यावर, कधीही जाता येतं. आवाजाच्या कामात अर्धं काम हे जाऊन बसणंच असतं.

नवीन घ्यायचा तर आणखी एक पर्याय आहे. २०२४ मध्ये झूमनेच एचवन-इसेन्शियल आणला. त्यात ३२ बिट फ्लोट आहे, म्हणजे पातळी बसवायची कटकटच नाही, नंतर हवी तेवढी वरखाली करा. सोय मोठी आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. माइकची झेप तिथेही १२० डेसिबलचीच आहे. माइकच्या आतच आवाज फाटला तर फ्लोट काही करू शकत नाही. आणि शिकायच्या वयात पातळी हाताने बसवणं मला महत्त्वाचं वाटतं. बटणावर अंगठा ठेवून दहा मिनिटं नुसतं ऐकलं की कुठला आवाज किती दूर आहे, कुठला कुठल्याला झाकतो, हे कानात बसतं. एखाद्या संधीला परत जाता येणार नसेल, जसं मिरवणूक किंवा शेवटचा माग भंगारवाला तोडतोय तो दिवस, तर मात्र फ्लोटवालाच न्या.

एचवन-एन जुना मिळत असेल तर माझा कौल तिकडेच. बघून घ्या: सेलच्या खणातल्या स्प्रिंगवर हिरवा गंज नको, झाकण घट्ट बसायला हवं. हेडफोन लावून प्लग हलवून पाहा, एका कानातला आवाज जाता कामा नये. पातळीचं बटण ० ते १० सावकाश फिरवा आणि रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते का ऐका. डाव्या आणि उजव्या माइकसमोर एकेक चुटकी वाजवून दोन्ही मीटर सारखे उठतात का पाहा. कार्ड आपलं न्या, आणि पैसे द्यायच्या आधी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग तिथेच फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडून बघा.